गिळले, पण मेले का?

"एक तर तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतंय, नाहीतर माझे हात," लिमये मॅडम म्हणाल्या. "हातांना मी जास्त वर्षं ओळखते."

मी लॅपटॉप उघडून त्यांच्या समोर बसले होते. स्क्रीनवर आमचा ग्राफ होता, एकदम सुंदर, वर चढत गेलेला. टेबलावर त्यांच्या काचेच्या प्लेट्स होत्या आणि त्या ग्राफच्या बरोब्बर उलटं सांगत होत्या. शुक्रवारी डेमो होता आणि आज सोमवार.

थांबा, आधी कोण कोण आहे ते सांगते, नाहीतर मी नेहमीसारखी मधूनच सुरू करीन.

मी श्वेता, मूळची वर्ध्याची, बाणेरच्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. आमचं सॉफ्टवेअर मायक्रोस्कोपमधून काढलेले फोटो बघतं आणि त्यातल्या वस्तू मोजतं. लिमये मॅडम आमच्या क्लायंट. त्यांनी आयुष्यभर कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवली, मग नोकरी सोडली आणि पाषाणजवळ दोन खोल्या घेऊन स्वतःची लॅब सुरू केली. राहतात शनिवार पेठेत. त्या बोलल्या की कौतुक झालं की अपमान झाला हे मला घरी पोचल्यावर कळायचं. लॅबमध्ये त्यांच्याबरोबर ओंकार असतो. तो त्यांचा जुना विद्यार्थी आणि आता रिसर्च असिस्टंट, लोणी काळभोरचा. मायक्रोस्कोप त्याच्या ताब्यात.

आता लॅबमध्ये काय चालायचं ते.

आपल्या शरीरात काही पेशी असतात, त्यांचं काम एकच, बाहेरून आलेला जंतू दिसला की गिळायचा. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. मी आणि ओंकार त्यांना 'खादाड' म्हणतो. मॅडमनी एका झाडाच्या सालीतून एक रसायन वेगळं काढलं होतं. ते दिलं की खादाड पेशी जास्त खातात. मॅडमची सगळी कंपनी त्या एका रसायनावर उभी होती. शुक्रवारी एका मोठ्या औषध कंपनीची माणसं येणार होती. त्यांना पटलं तर ते रसायन पुढे नेणार, प्राण्यांवर बघणार, मग बाकीचं. नाही पटलं तर दोन खोल्या चालवायच्या कशा, याचं उत्तर मॅडमकडे नव्हतं. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, ओंकारने सांगितलं होतं. त्याची नोकरीही त्याच दोन खोल्यांत होती ना.

जंतू म्हणून त्यांनी साल्मोनेला घेतला होता. टायफॉइडवाल्याचा हा भाऊ. आपल्याला याच्यामुळे जुलाब-उलट्या होतात, उंदरांना मात्र टायफॉइडसारखा मोठा ताप येतो. या साल्मोनेलामध्ये जेलीफिशचा एक जीन घातलेला असतो, त्यामुळे तो हिरवा चमकतो. खादाड पेशींना लाल रंग दिलेला. मग फोटोत काय दिसतं, तर लाल डबकी आणि हिरवे ठिपके. आमचं सॉफ्टवेअर मोजायचं की किती ठिपके लाल डबक्यांच्या बाहेर आहेत आणि किती आत. जे बाहेर ते 'बाकी', आणि जे आत ते 'क्लिअर्ड', म्हणजे निकालात निघाले. स्पेकमध्ये तसंच लिहिलं होतं. स्पेक म्हणजे क्लायंटला काय हवंय ते आधी कागदावर ठरवून घेतात ते. खाली मॅडमची सही होती.

मॅडमचं रसायन दिलं की बाहेर जवळजवळ काही उरायचंच नाही. सगळं हिरवं आत. ग्राफ सुंदर.

आणि प्लेट्स? ती जुनी पद्धत, मॅडम स्वतःच्या हाताने करायच्या. खादाड पेशींना जंतू खाऊ द्यायचे. मग वरून एक अँटिबायोटिक टाकायचं, जे पेशीच्या आत जाऊ शकत नाही. त्यामुळे बाहेर राहिलेले जंतू मरतात, आतल्यांना हात लागत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन, साबणासारखं काहीतरी घालून पेशी फोडायच्या आणि आतलं जे बाहेर येईल ते जेलीच्या प्लेटवर पसरायचं. आतला एखादा जरी जिवंत असला तरी तो प्लेटवर वाढतो आणि त्याचा डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो. पेशींनी जंतू मारले असते तर प्लेट रिकामी हवी.

प्लेट भरलेली होती. आणि रसायन दिलेली प्लेट जास्त भरलेली होती.

मॅडमना आधी वाटलं अँटिबायोटिक शिळं झालंय, म्हणून बाहेरचेच वाचले असतील. नवी बाटली आणली, परत केलं, तेच. मग मला बोलावलं.

ओंकार मात्र पहिल्यापासून सॉफ्टवेअरच्या बाजूने होता. त्यामागे विज्ञान वगैरे काही नव्हतं. आमचं सॉफ्टवेअर यायच्या आधी हे ठिपके तो हातातल्या क्लिकरवर मोजायचा, बसमध्ये प्रवासी मोजतात तसा. ते दिवस परत येऊ नयेत एवढंच त्याला हवं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडमला सांग, सॉफ्टवेअर बरोबर हाय म्हणून. जरा कॉन्फिडन्सने सांग."

मी तशी सांगणारी नाही. म्हणजे कॉन्फिडन्स आहे, पण तपासल्यावर. आम्ही दोघांनी एक मूठभर फोटो घेतले आणि हाताने मोजले. ओंकारला परत क्लिकर घ्यावा लागला आणि तो सगळा वेळ माझ्याकडे रागाने बघत होता. आमचा आकडा आणि सॉफ्टवेअरचा आकडा जुळला. आत म्हणजे आतच होते, लाल रंगाच्या मधोमध.

म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर. आणि मॅडमचे हातही बरोबर, कारण त्या हातांनी हे काम माझ्या जन्माआधीपासून केलेलं. दोघंही बरोबर असतील तर मग चूक कुठेय?

दुपारी ऑफिसला जाऊन अमोलला सांगितलं. अमोल माझा मॅनेजर. माणूस चांगला आहे, फक्त त्याच्या डोक्यात कायम कॅलेंडर उघडं असतं.

"स्पेकप्रमाणे केलंय ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग तो बग नाही. बग नसेल तर ती चेंज रिक्वेस्ट. चेंज रिक्वेस्ट डेमोनंतर. या आठवड्यात कोड फ्रीज आहे."

बग म्हणजे आमची चूक, चेंज रिक्वेस्ट म्हणजे क्लायंटची नवी मागणी आणि कोड फ्रीज म्हणजे डेमोच्या तोंडावर कोडला कोणी हात लावायचा नाही. नियम बरोबर आहे, याच नियमामुळे आम्ही अनेकदा वाचलोय. मी माझ्या दुसऱ्या कामाला लागले.

आणि ते दुसरं काम करतानाच ते झालं. त्यासाठी आमच्या ऑफिसची एक पद्धत सांगायला लागेल, जी बाहेर कुणी मान्य करणार नाही, पण अनेक कंपन्यांत असते असं मला मित्रमैत्रिणींनी सांगितलंय.

आमच्याकडे एक मोठा अमेरिकन क्लायंट आहे. त्यांना काही अडचण आली की ते टिकेट टाकतात, म्हणजे तक्रार नोंदवतात. भिंतीवर एक स्क्रीन आहे. ज्या टिकेटला वाली नाही ते लाल दिसतं. कुणाच्याही नावावर टाकलं की हिरवं होतं. सोमवारी संध्याकाळी त्या क्लायंटबरोबर कॉल असतो आणि ते आधी स्क्रीन बघतात. म्हणून सोमवारी दुपारी आम्ही सगळेजण ती लाल टिकेटं कुणाच्या ना कुणाच्या नावावर टाकतो. बहुतेक समीरच्या. समीर बंगलोरला नोकरी लागून कधीच गेला, पण त्याचं अकाउंट कुणी बंद केलेलं नाही. त्यामुळे सोमवारी स्क्रीन हिरवीगार. कुणी काही सोडवलेलं नसतं. उलट त्या टिकेटांना आतल्या आत पिल्लं होतात, कारण वैतागलेला युझर तीच तक्रार अजून दोनदा टाकतो.

मी एक टिकेट समीरच्या नावावर टाकलं. ते हिरवं झालं. दुसरं टाकलं. ते हिरवं झालं. तिसऱ्यावर माझा हात थांबला.

हिरवं झालं म्हणजे कुणीतरी आत घेतलं. एवढंच. पुढे त्याचं काय झालं ते स्क्रीनला माहीतच नसतं. आमच्या ग्राफलाही माहीत नव्हतं. आम्ही फोटो काढायचो तो पेशींनी जंतू गिळल्यावर लगेच. प्लेट्स दुसऱ्या दिवशीच्या. मधल्या वेळात आत काय चाललंय ते कुणी बघितलंच नव्हतं.

मी ओंकारला मेसेज टाकला, मग लगेच दुसरा, मग तिसरा. मला एका मेसेजमध्ये सगळं सांगता येत नाही. म्हटलं, एक फोटो नको, त्याच जागेचे एकामागून एक फोटो हवेत, उद्या सकाळपर्यंत. त्याने आधी एक कपाळाला हात लावलेला इमोजी पाठवला. त्याचंही बरोबर होतं. मायक्रोस्कोपखालची बशी तेवढा वेळ शरीराइतकी गरम ठेवायला लागते, नाहीतर पेशी मरतात, आणि त्यासाठीचा डबा शेजारच्या लॅबकडून मागून आणायला लागतो. पण त्याने आणला. मशीन लावलं आणि घरी गेला. रात्रभर मशीनने आपले फोटो काढले.

सकाळी मी गाडी पार्क करत होते तेव्हा त्याचा फोन आला. नेहमी हा माणूस फोनवर आधी चेष्टा करतो. त्या दिवशी फक्त म्हणाला, "इकडेच ये. ऑफिसला जाऊ नको."

मी पोचले तर ओंकार आणि मॅडम दोघंही स्क्रीनसमोर उभे होते. ओंकारने फोटो जोडून व्हिडिओ केला होता. एक मोठी लाल पेशी. आत दोन-तीन हिरवे ठिपके, नुकतेच गिळलेले. थोडा वेळ काहीच होत नाही. मग ठिपके जरा वाढतात. मग अजून. मग ते एकमेकांना इतके खेटतात की मोजता येत नाहीत. डाळिंब फोडल्यावर दाणे दिसतात ना गच्च भरलेले, तसं, फक्त हिरवं. आणि मग पेशी फुटते. हिरवं सगळीकडे सांडतं आणि शेजारच्या खादाड पेशी, बिचाऱ्या, आपलं काम चोख करत, ते सांडलेलं लगेच गिळायला लागतात.

ओंकारने व्हिडिओ परत लावला. मग परत.

शेवटी मीच विचारलं की पेशीने गिळल्यावर जंतू पचत का नाही. मॅडम वर्गात सांगतात तशा सांगायला लागल्या, अगदी शांतपणे. पेशी जंतूला गिळते तेव्हा तो तिच्या आत एका पिशवीत असतो. मग पेशीच्या आतल्या आम्लाने भरलेल्या दुसऱ्या पिशव्या येऊन त्या पिशवीला चिकटतात, एक होतात, आणि जंतू विरघळतो. हे नेहमीचं. पण साल्मोनेलाकडे एक सुईसारखं यंत्र असतं. तो पिशवीत बसल्या बसल्या ती सुई बाहेर काढतो आणि पेशीतच स्वतःची प्रथिनं टोचतो. मग पेशीचे आतले रस्ते बदलतात. आम्लाच्या पिशव्या हव्या तशा पोचत नाहीत, त्याची पिशवी मात्र मोठी होत जाते. आत जेवण आहे, आणि बाहेरच्या अँटिबायोटिकला, बाकीच्या पहारेकऱ्यांना तो दिसत नाही. ज्या पेशीने त्याला मारायचं, तिच्यातच तो लपतो. टीबीचा जंतूही असंच करतो, त्याची युक्ती वेगळी.

"म्हणजे रसायन काम करतंय," मी म्हटलं. मला अजूनही ग्राफ वाचवायचा होता, खरं सांगायचं तर. "पेशी जास्त खातायत, हे तर खरंच आहे."

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "मी त्यांना जास्त घरं बांधून देत होते."

ओंकारने विचारलं, जरा चाचरतच, की मॅडम, हे तर तुम्हीच आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मग स्पेकमध्ये 'आत म्हणजे क्लिअर्ड' कसं आलं?

मॅडमनी स्पेक मागवला नाही, कुणाला दोषही दिला नाही. त्या म्हणाल्या की आधी त्या साध्या, निरुपद्रवी जंतूंवर काम करायच्या. ते गिळले की मरतात. तेव्हाची व्याख्या बरोबर होती. साल्मोनेला आणला तेव्हा जंतू बदलला, व्याख्या तीच राहिली.

"शिकवत होते तोपर्यंत मला हे सगळं माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आपलं स्वतःचं औषध आलं की माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, तुझ्या सॉफ्टवेअरला हे मोजता येईल का? आत, पण जिवंत?"

मॅडम मला पहिल्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा 'अगं' आलं, आणि ते आलं कशासाठी, तर त्यांचाच ग्राफ पाडायला.

येत होतं. ठिपके चिकटले की मोजता येत नाहीत, पण प्रत्येक पेशीतल्या हिरव्याचं क्षेत्रफळ मोजता येतं. वेळेबरोबर क्षेत्रफळ वाढलं तर आतला जिवंत, कमी झालं तर पचतोय. अवघड नव्हतं. अवघड होता अमोल.

अमोलने सगळं ऐकलं आणि एक मार्ग काढला, आणि तो वाईट मार्ग नव्हता. म्हणाला, 'क्लिअर्ड' शब्द काढा आणि 'गिळलेले' असा शब्द टाका. कोडला हात लागत नाही, फक्त लेबल बदलतं. ग्राफ तोच. कुणी खोटं बोलत नाही. पुढचं पुढे. मी मॅडमना तसं कळवलं, कारण मला ते कळवायलाच हवं होतं. त्यांनी मला उत्तर न देता सरळ अमोललाच फोन लावला. त्याने स्पीकरवर घेतला.

"अमोल, तुमच्या श्वेताने मला एक वाईट बातमी दिली आहे," मॅडम म्हणाल्या. "तीच जरा स्वच्छ अक्षरात छापून द्या. पाहुण्यांना वाचता यायला नको असती तर मी माझ्या प्लेट्सच दाखवल्या असत्या."

"मॅडम, डेमो तुमचा आहे," अमोल म्हणाला. "हे दाखवलं तर ते घेणार नाहीत."

"मला गणित येतं हो."

अमोलने फोन ठेवला, थोडा वेळ कॅलेंडरकडे बघितलं आणि मला म्हणाला, फ्रीज फक्त या क्लायंटपुरता उठवतोय, पण टेस्टिंग पूर्ण हवं. मी दोन दिवस मान वर केली नाही. टेस्टिंग अमोलने स्वतः केलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

शुक्रवारी पाहुणे आले. दोघं होते, एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर एक माझ्यापेक्षा थोडी मोठी मुलगी. मॅडमनी आधी पहिला ग्राफ दाखवला. गृहस्थ पुढे सरकून बसले. मुलीने भराभर लिहून घेतलं. मग मॅडमनी दुसरा दाखवला, 'आत, जिवंत', आणि रसायन दिलेली रेघ वर चढत गेली, न दिलेल्या रेघेच्या बरीच वर. मग व्हिडिओ. डाळिंब भरलं, फुटलं. मुलीचं पेन थांबलं. ओंकार खिडकीतून बाहेर पार्किंग बघत होता.

गृहस्थ मागे टेकले. "पहिल्याच ग्राफवर थांबला असतात तरी चाललं असतं," ते म्हणाले, इंग्रजीतून मराठीत येत. "आम्हाला हे का दाखवलंत?"

"तुम्ही पुढे उंदरांवर केलं असतंत," मॅडम म्हणाल्या. "ते मेले असते, आणि मग हाच ग्राफ तुम्ही मला दाखवला असतात. मला आधी दाखवायला आवडतं."

गृहस्थ हसले, चहा प्यायले, मॅडमचे मनापासून आभार मानले आणि रसायन घेतलं नाही.

मला वाटत होतं, म्हणजे माझ्या मनात पक्कं होतं, की एवढ्या प्रामाणिकपणाबद्दल काहीतरी होईल. ते परत फोन करतील वगैरे. फोन आला नाही. मॅडमनी रसायनाचं काम बंद केलं आणि दोनातली एक खोली परत केली. आता त्या सकाळी कॉलेजात शिकवतात आणि दुपारनंतर उरलेल्या खोलीत दुसऱ्या एका सालीवर काम करतात. कॉलेज लोणी काळभोरला आहे. ओंकार लोणीहून पुण्यात येतो आणि मॅडम पुण्यातून लोणीला जातात, आणि तो म्हणतो की हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये एकदा दोघांच्या बस समोरासमोर आल्या तेव्हा मॅडमनी खिडकीतून त्याला घड्याळ दाखवलं. त्याची नोकरी टिकली, अर्ध्या वेळेची. क्लिकर त्याने ड्रॉवरमध्ये ठेवलाय, फेकला नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमधला 'आत, जिवंत' हा कॉलम राहिला. आता प्रत्येक नव्या लॅबला मी आधी विचारते की तुमचा जंतू कोणता, आणि गिळल्यावर तो मरतो हे कुणी बघितलंय का. लोकांना या प्रश्नाचा थोडा राग येतो.

उत्साहात मी अमोलला म्हटलं की आपल्या भिंतीवरच्या स्क्रीनलाही असाच एक कॉलम टाकू या. तो लगेच म्हणाला, "कोड फ्रीज." समीर अजूनही आमच्या ऑफिसातला सगळ्यात बिझी माणूस आहे.

मागच्या महिन्यात मॅडमनी मला त्यांच्या वर्गात बोलावलं होतं, सॉफ्टवेअरबद्दल मुलांशी बोलायला. त्यांनी पडद्यावर एकच फोटो लावला, लाल पेशी, आत तीन हिरवे ठिपके. त्याखाली आमचा जुना सुंदर ग्राफ. मग मुलांना विचारलं, पेशीने जंतू गिळले, आता सांगा, काम झालं का.

सगळा वर्ग एका सुरात हो म्हणाला. शेवटच्या बाकावरून मीपण म्हणाले असते, त्या आठवड्याआधी.

"छान," मॅडम म्हणाल्या, आणि व्हिडिओ सुरू केला.